अपग्रेड चालू असताना लाइट गेली, आता सर्व्हर चालूच होत नाही, फॉरमॅट करू का?

फॉरमॅट अजिबात नको. उबुंटू (लिनक्सवाली ऑपरेटिंग सिस्टीम) 22.04 वरून 24.04 ला जाताना देवगडात लाइट गेली आणि आता 'अनेबल टू माउंट रूट एफएस' (म्हणजे मुख्य डिस्क उघडता येत नाही) येतंय म्हणताय, ते वाचून डिस्कच गेली असं वाटतं पण बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते. होतं काय की नवीन कर्नल (सिस्टीमचा गाभा) येऊन बसतो, पण त्याची इनिटरामएफएस, म्हणजे मशीन सुरू होताना लागणारी छोटी फाइल, बनायच्या आत लाइट जाते, आणि डिस्कपर्यंत पोचायला लागणारे ड्रायव्हर तर त्याच फाइलमध्ये असतात, मग तो अडतो.

आंबापेट्यांचे हिशोब आणि फोटो त्याच मशीनवर आहेत ना, मग आधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून (उबुंटू इन्स्टॉल न करता थेट चालवणारा) बूट करून ते बाहेरच्या डिस्कवर घ्या, बाकी सगळं नंतर.

मग चालू करताना एस्केप दाबा (जुना बायोस असेल तर शिफ्ट), ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुना कर्नल दिसेल, बहुतेक 5.15 वाला, नवा 6.8 असतो. जुन्याचा रिकव्हरी मोड घ्या, रूट शेल (सगळे अधिकार असलेली कमांड लिहायची खिडकी) उघडा. तिथे डिस्क रीड-ओन्ली (फक्त वाचता येणारी) असू शकते म्हणून 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /'. त्यानंतर 'डीएफ -एच' ने '/बूट' मध्ये (कर्नलच्या फाइली असतात तिथे) जागा आहे का बघा, ते पार्टिशन वेगळं आणि भरलेलं असेल तर पुढचं सगळं परत तिथेच अडकणार.

आता थांबा, इन्व्हर्टर आहे म्हणालात तरी मशीन बंद पडलं कसं? त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण आहे का बघा, साध्या मोडवर बदली व्हायला जो क्षणभर वेळ लागतो तेवढ्यात पंखा फिरत राहतो पण डेस्कटॉप बसतो. पावसाळ्यात आपल्याकडे हे आधी, कमांड नंतर.

मग 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', ते मध्येच रडलं तर 'एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', आणि परत पहिलं. दोन्ही शांतपणे संपले की 'एपीटी फुल-अपग्रेड', 'अपडेट-इनिटरामएफएस -सी -के ऑल', 'अपडेट-ग्रब', रीबूट. जुना कर्नलही उठला नाही तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून सीएचरूट करून (म्हणजे तिथूनच डिस्कवरच्या सिस्टीममध्ये शिरून) हेच सगळं.

नेक्स्टक्लाउडसारखं (फाइली साठवायचं स्वतःचं क्लाउड) पीएचपी भाषेवर चालणारं काही असेल आणि मशीन उठूनही ते उघडलं नाही तर दचकू नका, 24.04 मध्ये पीएचपी 8.1 जाऊन 8.3 येतं, अपाची या वेब सर्व्हरमध्ये जुनं मॉड्यूल बंद करून नवं चालू करावं लागतं. बाहेरून टाकलेले पीपीए (उबुंटूबाहेरचे सॉफ्टवेअरचे स्रोत) पण अपग्रेडमध्ये बंद होतात, ते एकेक बघून चालू करा.