डिस्नेच्या एपकॉट या मनोरंजन उद्यानातील ‘स्पेस २२०’ उपाहारगृहासाठी मुलांसोबत वेळ काढावा का?

अवश्य काढावा. आम्हीही नाशिकहून दिवाळीच्या सुट्टीत फ्लोरिडाला निघालो आहोत आणि घरात पाळण्यांपेक्षा या एका जेवणाचीच चर्चा अधिक आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेले हे उपाहारगृह पृथ्वीपासून २२० मैल, म्हणजे सुमारे ३५४ किलोमीटर उंचीवर असल्याचा भास निर्माण करते. आत शिरताना पाहुण्यांना एका लिफ्टमध्ये उभे केले जाते आणि पायाखालच्या गोल खिडकीतून एपकॉट लहान लहान होत दूर जाताना दिसते. वास्तविक हा सारा पडद्यांवरील चित्रांचा परिणाम असतो, पण त्यामुळे त्याची गोडी कमी होत नाही. आपल्या त्र्यंबक रोडवरील तारांगणात दिवे मंद होऊन घुमटावर तारे उमटले, तेव्हा माझ्या मुलीने माझे बोट घट्ट धरले होते. तोच क्षण मला तिथे पुन्हा हवा आहे.

जाण्यापूर्वी मुलांना अंतराळवीरांच्या खऱ्या जेवणाविषयी जरूर सांगावे. पावाचा चुरा तरंगत यंत्रांत शिरू नये म्हणून ते पोळीसारखा टॉर्टिया खातात, आणि २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनी तर गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस सोबत नेला होता. टेबल ६० दिवस आधीपासून आरक्षित करता येते, शिवाय एपकॉटचे प्रवेशतिकीट वेगळे घ्यावे लागते. म्हणून प्रवासाची तारीख ठरताच आरक्षणाचा दिवस दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.