गर्भ गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येतो, मग अख्खा जिवंत माणूस का नाही?

फरक आकाराचा आहे. गोठवतात तो गर्भ मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो.

मी प्रयोगशाळेत पेशी गोठवते. द्रावात साधारण १० टक्के डीएमएसओ हे पेशींना बर्फापासून वाचवणारं संरक्षक द्रव्य घालायचं, कुपी मिनिटाला एक अंश अशा बेताने उणे ८० पर्यंत उतरवायची, मग द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना. बाहेर काढताना मात्र घाई. बर्फाचा शेवटचा कण जाईपर्यंत कुपी ३७ अंशांच्या पाण्यात हलवत राहायची. नंतर ट्रिपॅन ब्लू टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघते. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही. इतकं जपूनही काही निळ्या दिसतातच. माझं त्यावाचून अडत नाही, उरलेल्या पेशी वाढतात. मेंदूत तसं चालणार नाही.

बर्फ पेशी फोडतो हे अर्धंच खरं. हळू गोठवलं की बर्फ आधी पेशींच्या बाहेर धरतो. बर्फात मीठ जात नाही, म्हणून उरलेलं पाणी खारट होत जातं आणि पेशीतलं पाणी ओढून घेतं. पेशी आक्रसून मरते. फार वेगाने गोठवलं तर बर्फ आतच होतो. यावर उपाय म्हणजे संरक्षक द्रव्य इतकं भरायचं की पाणी स्फटिक न होता काचेसारखं घट्ट होईल. गर्भात ते काही मिनिटांत भिनतं. माणसात ते रक्तवाहिन्यांतून प्रत्येक कोपऱ्यात पोचवावं लागेल, आणि एवढ्या प्रमाणात ते विषारी असतं.

त्याहून अवघड आहे परत गरम करणं. बाहेरचा भाग तापतो, आतला थंडच राहतो, मग तडे जातात आणि वाटेत पुन्हा बर्फ धरतो. २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात उंदरांच्या किडन्या अशा काचेसारख्या करून १०० दिवसांपर्यंत ठेवल्या. रक्तवाहिन्यांत लोहाचे अतिसूक्ष्म कण सोडून, चुंबकीय क्षेत्राने आतून-बाहेरून सारखं गरम केलं. त्या किडन्या बसवलेले उंदीर जगले. ते वाचून मला मनापासून आनंद झाला होता.

वुड फ्रॉग या बेडकाचा दाखला लोक देतात. त्याच्या शरीरातलं जवळपास दोन तृतीयांश पाणी गोठतं, हृदय थांबतं, वसंतात तो पुन्हा उड्या मारतो. पण त्याच्या पेशी ग्लुकोजने भरलेल्या असतात आणि बर्फ पेशींबाहेरच राहतो. उणे १९६ अंशांची ती गोष्टच नव्हे.

पुढे कधीतरी जिवंत करता येईल या आशेने १९६७ पासून जी माणसं गोठवली गेली, ती कायद्याने मृत घोषित झाल्यावर. उणे १९६ अंशांवरून आजवर एकही सस्तन प्राणी अख्खा जिवंत परत आलेला नाही. म्हणून माणसाबद्दल माझं उत्तर आज तरी 'नाही' असंच आहे.

अवयवांची मात्र मी वाट बघतेय. दान केलेलं हृदय बर्फावर जेमतेम चार ते सहा तास टिकतं, आणि तेवढ्यात योग्य रुग्णापर्यंत पोचलं नाही तर वाया जातं.