करिझ्मा २५० पाडव्याला येणार म्हणतात. पल्सर विकून थांबू, की सरळ २१० घेऊ?

वय २३ लिहिलंयस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

शोरूमवाला म्हणतो हिरोची नवी बाइक, करिझ्मा एक्सएमआर २५०, गुढीपाडव्याला येणार, तर ती येणार का, आणि तिच्यासाठी थांबायचं की आत्ता मिळते ती करिझ्मा एक्सएमआर २१० घ्यायची, हे तू विचारलंयस. त्याला येतो नंतर. पण शेवटी सहज टाकल्यासारखं एक वाक्य टाकलंयस, "२०१८ ची पल्सर आत्ताच विकून पैसे तयार ठेवू म्हणतो." ते वाचून मी जेवण अर्धं टाकून लिहायला बसलोय.

विकू नकोस.

माझ्याकडे पिवळी करिझ्मा होती, २००६ ची. हिरो आणि होंडा तेव्हा एकत्र नांदत होते. २२३ सीसी, १७ हॉर्सपॉवर, पाच गिअर. आजची पोरं १७ ऐकून हसतात, हसू देत. टाकी १५ लिटरची होती. कराडला फुल केली की मालवणला जाऊन परत कराडात येईपर्यंत पंपाचं तोंड बघायला लागायचं नाही. तिच्यात खोड एकच. फेअरिंग, म्हणजे पुढचं प्लास्टिकचं आवरण, चेसीला म्हणजे सांगाड्याला बांधलेलं, त्यामुळे हँडल वळलं तरी हेडलाइट वळायचा नाही. रात्री करूळ घाट उतरताना वळणावर उजेड दरीत आणि आपण अंधारात. सवय झाली की तेही आवडायला लागतं, गाडीचं असंच असतं.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ऑटो एक्स्पोत हिरोने एचएक्स २५०आर दाखवली. २५० सीसी, ३१ हॉर्सपॉवर, वजन म्हणे १३९ किलो. हिरो तेव्हा अमेरिकेतल्या एरिक ब्यूएलच्या कंपनीबरोबर काम करत होती. मी त्या गाडीचा फोटो रंगीत प्रिंट काढून ऑफिसच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. लग्न झालेला माणूस मी, आणि दिवसातून चार वेळा कारण नसताना फाइल काढायला उठायचो.

मग सुरू झालं. आधी "गणपतीत येणार", मग "दसऱ्याला नक्की", मग "दिवाळीच्या आधी दहा गाड्या आपल्याकडे". आमच्या गावातल्या एका शोरूममध्ये (नाव घेत नाही, आता तिथे फर्निचरचं दुकान आहे) सेल्समनने माझ्याकडून पाच हजार घेतले. पावती नाही. त्याच्या व्हिजिटिंग कार्डामागे बॉलपेनने "एचएक्स, नंबर १" असं लिहून दिलं. मला त्या "नंबर १"चाच आनंद. वर तो म्हणाला, "नवी आल्यावर जुन्या करिझ्माला कोण विचारतंय सर, आत्ताच काढा." म्हणून सप्टेंबरमध्ये बत्तीस हजाराला काढली. पाटणकडचा एक पोरगा आला, चोक न ओढता एका सेल्फला चालू झाली म्हणून खूश झाला आणि घेऊन गेला. कोपऱ्यावर वळताना त्याने इंडिकेटरसुद्धा दिला नाही, ते अजून डोक्यात आहे.

पुढचं कुणालाही माहीत आहे. एप्रिल २०१५ ला ब्यूएलची कंपनी बसली. हिरोचे तिच्यात ४९.२ टक्के होते, त्यांचं झालं ते झालं. एचएक्स काही कधी विक्रीला आली नाही. माझे पाच हजार आठ महिन्यांनी परत मिळाले, तेही पाचशे "प्रोसेसिंग"चे कापून. कसली प्रोसेसिंग? कार्डामागे लिहिण्याची?

खरी शिक्षा वेगळीच झाली. नवी गाडी येईना, आणि दुसरी घेतली तर आपलं चुकलं हे कबूल केल्यासारखं होईल म्हणून ती घेईना. अशी अडीच वर्षं मी दाजींच्या मागे बसून फिरलो. दाजींनी २०१३ सालीच कुणाला न विचारता, काही न वाचता होंडाची सीबीआर २५०आर घेतली होती. मागे बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही रे, पुढच्याचं हेल्मेट दिसतं. दाजींच्या हेल्मेटच्या मागे आयएसआयचा स्टिकर होता, त्यावर हेल्मेटच्या मानकाचा नंबर, आयएस ४१५१. बायकोची जन्मतारीख मला आठवावी लागते, ४१५१ आठवावं लागत नाही. पाठीवर दोघांचे कपडे, मांडीवर कॅमेरा, आणि राधानगरीच्या पुढे गुडघे वळायचे बंद.

एकदा डिसेंबरात दाजीपूरला चहाला थांबलो. मी उतरलो आणि मला सरळ उभं राहता येईना, वाकूनच टपरीपर्यंत गेलो. टपरीवर पाच-सहा माणसं. दाजींनी बशीत चहा ओतला, एक फुर्रका मारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय पाव्हणं, तुमची गाडी कुठवर आली? कोल्हापूर सोडलं का?"

त्याला आता दहा वर्षं होतील. आमच्या घरात एकही बारसं, एकही लग्न त्या वाक्याशिवाय पार पडलेलं नाही.

आता तुझ्या गाडीचं. २०१४ ला मी फक्त फोटो बघितला, बाकी काही बघितलं नाही. तू बघ. नोव्हेंबर २०२४ ला मिलानच्या प्रदर्शनात एक्सएमआर २५० दाखवली. प्रदर्शनात दाखवणं म्हणजे मुलगी बघायला येतो म्हणणं, त्यावरून मंडप घालत नाहीत. पण १७ जानेवारी २०२५ ला त्याच २५० इंजिनाची एक्स्ट्रीम २५०आर जाहीर झाली, ३० पीएस (म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), किंमत १ लाख ८० हजाराच्या आसपास. म्हणजे यावेळी इंजिन हिरोने स्वतः केलेलं आहे आणि दुसऱ्या गाडीत बसूनही आलंय. माझ्या एचएक्सच्या वेळी हे नव्हतं. म्हणून माझं मत, ही येईल.

पाडव्याला? सोड. आज १६ मार्च २०२५, पाडवा ३० तारखेला. चौदा दिवसांत ज्या गाडीची पूजा करायची तिची किंमत कंपनीने अजून उच्चारलेली नाही. शोरूमवाल्याला सणाच्या आधी गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ द्यायचं नसतं, एवढाच त्या "पाडव्याला नक्की"चा अर्थ. पैसे मागितलेच तर छापील पावती माग, आणि पावतीवर मॉडेलचं नाव लिहायला सांग. तिथेच आवाज बदलतो की नाही बघ.

इंटरनेटवर काळ्यापांढऱ्या नक्षीच्या कागदात गुंडाळलेल्या टेस्टिंगच्या गाड्यांचे फोटो फिरतात, त्यात इंजिन बघू नकोस, साडी गार्ड बघ. मागच्या चाकाला साडी गार्ड आणि पुढे नंबर प्लेटची जागा दिसली की समजायचं, आता नियमाच्या कागदांत बसवायचं काम चाललंय. नाव नोंदवल्याच्या, डिझाइनचं पेटंट घेतल्याच्या बातम्यांना मात्र काडीची किंमत देऊ नकोस. कंपन्या नावं अडवून ठेवतात, एसटीत रुमाल टाकावा तशी.

पहिल्या दिवशीच्या किमतीलाही भुलू नकोस. २१० आली २९ ऑगस्ट २०२३ ला, १,७२,९०० रुपयांना, आणि १ ऑक्टोबरपासून सात हजारांनी वाढली. एक्स्ट्रीम बिनफेअरिंगची उघडी गाडी असून १.८० लाखाला आली, तर फेअरिंगवाली त्याच्या खाली कशी येईल? हिशोब तूच कर.

२१० वाईट नाही. लिक्विड कूलिंग, सहा गिअर, २५.५ पीएस, पुढे वरखाली होणारी काच. तू लिहिलंयस तसं सांगलीहून महिन्यातून एकदा कोकण-गोवा करायला मजबूत आहे. पण टाकी ११ लिटरची! करिझ्मा नाव लावायचं, टूरिंगच्या गप्पा मारायच्या आणि टाकी चार लिटरने कमी करायची, हे मला पटत नाही. मिलानला दाखवलेल्या २५० ला तर पुढे छोटे पंख आहेत. फोंडा घाटात पंखांचं काय करायचं ते मला कुणीतरी सांगा. त्यापेक्षा टाकी मोठी दिली असती.

दाजींचं म्हणणं असं, की थांबणं हाच मूर्खपणा, "दारात उभी असते ती गाडी, बाकी सगळा पेपर." हे मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. माझी चूक थांबण्यात नव्हती, विकण्यात होती. पिवळी माझ्याकडे असती आणि मी तिच्यावर बसून ऑगस्ट २०२३ पर्यंत थांबलो असतो तर माझं काय गेलं असतं? तेल, चेन, दोन टायर. आणि ज्यांनी थांबायचं नाही म्हणून घेतली त्यांची सीबीआर होंडाने बंद केली. दाजी आता फेअरिंगच्या एका क्लिपसाठी पुण्याच्या नाना पेठेत चार-चार फोन लावतात, हे ते लग्नात सांगत नाहीत.

तेव्हा पल्सर ठेव, बिनधास्त थांब, कोण काय म्हणतंय बघू नकोस.

आता हेही सांगायला पाहिजे : तुझी पल्सर धूर मारत असेल, क्लच-इंजिनचं काम निघालं असेल, तर माझं वरचं सगळं सोडून दे. तिच्यात वीस हजार घालून थांबण्यापेक्षा २१० घे. उंची साडेपाच फुटाच्या खाली असेल तर आधी बसून बघ. २५० मी चालवलेली नाही, आणि २१० फक्त मित्राची, कराड ते उंब्रज आणि परत. शिवाय करिझ्मा म्हटलं की मी सरळ विचार करत नाही, हे एव्हाना कळलंच असेल.

पिवळी मागच्या वर्षी उंब्रजच्या पुलाखाली दिसली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, पेट्रोलच्या टाकीवर रेक्झिनचं कव्हर. मी परत विकत मागितली. तो पोरगा, आता बाप्या झालाय, म्हणाला पंचेचाळीस. चाळीसपर्यंत आलो होतो, तेवढ्यात दुधाला उशीर होतोय म्हणून निघून गेला. नंबर घ्यायचा राहिला.

२१० ची टेस्ट राइड घेच. एकटा जाऊ नकोस, मागे कुणालातरी बसवून ने. बहिणीचं लग्न झालं असेल तर तुझ्या दाजींना ने, तासभर तरी, आणि परत आल्यावर ते सरळ उभे राहतात का ते बघून मला इथेच कळव.