समुद्रातल्या शेवाळातून पुरेसं आयोडीन मिळतं का?

तुम्ही विचारलंय की मासे, अंडी, दूध सगळं सोडलंय, राहता मालवणात, तर खडकांवरचं शेवाळ वाळवून खाल्लं तर आयोडीनचं भागेल का. मी हा उद्योग करून बसलोय, म्हणून लिहितो.

आमचं घर शिरोड्याजवळ. मिठागरं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पुड्याचं मीठ घरात आणणं हा दादाला स्वतःचा अपमान वाटतो. मी मासे सोडले, वर्षभराने दूधही. आयोडीनचं काय, असं विचारलं तर दादा म्हणाला, "समुद्राचाच मीठ मा ह्या, आयोडीन खंय जातला?"

मला ते पटेना, म्हणून शेवाळ. ओहोटीला जाऊन तपकिरी सरगॅसम आणलं, मिरीएवढे फुगे असतात ते, बोटाने दाबलं की फट्‌ वाजतं. चार पाण्यांतून काढलं तरी वाळू निघतच होती. खळ्यात वाळवून मिक्सरला लावलं आणि रोज चमचाभर आमटीत. त्या मिक्सरच्या भांड्यात वहिनीने पुन्हा खोबरं वाटलं नाही. तीन महिन्यांनी सगळा दिवस झोप यायला लागली, रक्तात टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावलं की वाढणारं संप्रेरक, वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, थायरॉइड आयोडीन कमी पडूनही बिघडतं आणि जास्त होऊनही, तुमचं कशाने ते आता कसं सांगू?

शेवाळाची अडचण हीच. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं. सुशीला गुंडाळतात त्या नोरी शेवाळात ग्रॅममागे वीस-चाळीस असतं, तर कोंबू या दुसऱ्या जपानी शेवाळाच्या एकाच ग्रॅममध्ये हजार-दोन हजारसुद्धा. आपल्या खडकावरच्यात किती, ते चमच्याला कळत नाही. शिवाय सरगॅसमचंच भावंड असलेलं हिजिकी खाऊ नका, असं ब्रिटनच्या अन्न खात्याने २००४ मध्ये सांगितलं, आर्सेनिकमुळे. आम्ही आता शेवाळ माडाच्या बुंध्यात घालतो.

आणि दादासाठी हिशोब: लिटरभर समुद्राच्या पाण्यात मीठ पस्तीसेक ग्रॅम, आयोडीन साठेक मायक्रोग्रॅम. ते सगळं खड्यात उतरलं असं धरलं तरी पाच ग्रॅम मिठात आठ-नऊच. आयोडीनयुक्त मिठात कायद्याने घरी पोचेपर्यंत ग्रॅममागे किमान १५ असावं लागतं, म्हणजे पाच ग्रॅमला ७५. उरलेल्यासाठी १५० ची साधी गोळी मिळते, ती विचारून घ्या. सैंधव घेत असाल तर आजच बंद करा.

हो, थायरॉइडची गोळी आधीच चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर माझं काही ऐकू नका, डॉक्टरांकडे जा. लोणच्याला खडे मीठच बरं, तिथे दादाशी भांडण नाही.

आता ओट्यावर मिठाच्या दोन बरण्या आहेत. माझी दादा कोपराने मागे सरकवतो. गेल्या मे महिन्यात वहिनीने त्याचंही रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट कपाटात आहे, मला दाखवत नाही.