अमेरिकेतले शेअर खाते दुसऱ्या देशातल्या ब्रोकरकडे न्यावे का?

प्रश्न : बारा वर्षे एच-१बी व्हिसावर अमेरिकेत नोकरी करून ऑगस्ट २०२५ मध्ये कायमचा भारतात परतलो. ग्रीन कार्ड घेतले नव्हते. तिथल्या ब्रोकरकडे म्युच्युअल फंड, ईटीएफ आणि थोडे शेअर मिळून २,४०,००० डॉलर आहेत. त्यात नफा ९०,००० डॉलर. भारतातला पत्ता चालणार नाही, असे ब्रोकर म्हणतो. भारतीयांची खाती उघडणाऱ्या दुसऱ्या देशातल्या ब्रोकरकडे सगळे हलवू, की तिथल्या मित्राचा पत्ता देऊन आहे तसेच ठेवू?

उत्तर : मित्राच्या पत्त्याचा विचार सोडून द्या. अमेरिकेच्या लेखी तुम्ही आता अनिवासी आहात, त्यामुळे तिथल्या करदात्याचा जुना डब्ल्यू-९ फॉर्म रद्द होऊन अनिवासींचा डब्ल्यू-८बेन भरायला हवा. खोट्या पत्त्यावर जुना फॉर्म चालवणे म्हणजे अमेरिकी कर खात्याला खोटे लिहून देणे, आणि लक्षात आले की ब्रोकर खाते गोठवू शकतो.

खाते हलवाच. पण शेअर जसेच्या तसे पाठवू नका. विका, रोकड पाठवा आणि नव्या खात्यात पुन्हा खरेदी करा. एरवी हा सल्ला दिला नसता, पण तुमचा सध्याचा काळ कराच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. जानेवारी २०२६ पासून तुम्ही अमेरिकेच्या लेखी अनिवासी. वर्षात १८३ दिवस तिथे राहिला नाहीत, तर शेअर विक्रीच्या नफ्यावर अमेरिका कर घेत नाही. इकडे तुम्ही आरएनओआर, म्हणजे निवासी पण सामान्य निवासी नाही. या दर्जात परदेशात झालेल्या आणि परदेशातच हाती आलेल्या नफ्यावर भारतातही कर नाही. हा दर्जा ३१ मार्च २०२७ पर्यंत आहे. पुढचे वर्ष मिळेल का, हे त्याआधीच्या सात आर्थिक वर्षांतले भारतातले दिवस ७२९ च्या आत बसतात का, यावर ठरेल. सुट्टीतल्या फेऱ्याही त्यात धरतात, म्हणून पासपोर्टवरचे शिक्के बघून बेरीज करा.

ही मुदत टळल्यावर विकाल तर ९०,००० डॉलरच्या नफ्यावर भारतात १२.५ टक्क्यांनी ११,२५० डॉलर कर, वर अधिभार आणि उपकर. आत्ता विकून पुन्हा घेतले की खरेदीची किंमत आजची धरली जाते.

म्हणून आधी नवे खाते उघडा, मग विका. विक्रीची रक्कम भारतातल्या खात्यात उतरवू नका. भारतात प्रथम हाती आलेले उत्पन्न आरएनओआरलाही करपात्र असते. जुना ब्रोकर बहुधा तुमच्याच नावाच्या बँक खात्यात पैसे देईल, तेव्हा अमेरिकेतले बँक खाते एवढ्यात बंद करू नका. मधले काही दिवस बाजाराबाहेर जातील. त्याची धास्ती वाटत असेल तर दोन-तीन टप्प्यांत करा.

जसेच्या तसे पाठवण्यात कटकटीही आहेत. अमेरिकी ब्रोकरांमध्ये खाती आपोआप हलवणारी अकॅट्स यंत्रणा देशाबाहेर चालत नाही. म्युच्युअल फंड सहसा जातच नाहीत, अपूर्णांकातले शेअर विकावे लागतात. काही ब्रोकर मेडॅलियन शिक्का, म्हणजे अमेरिकी बँकेने सहीची हमी देणारा शिक्का, मागतात. तो भारतात मिळणे महाकठीण, आणि नोटरी चालत नाही.

पुन्हा काय घ्यायचे, हा प्रश्न मला ब्रोकरपेक्षा मोठा वाटतो. अमेरिकी कंपनीचे शेअर आणि तिथे नोंदलेले ईटीएफ कोणत्याही देशातल्या ब्रोकरकडे ठेवले, तरी तुमच्या पश्चात त्यांना अमेरिकेचा वारसा कर लागू होतो. अनिवासींना सूट फक्त ६०,००० डॉलरची, त्यावर दर ४० टक्क्यांपर्यंत. भारताचा अमेरिकेशी वारसा कराबाबत करारही नाही. संयुक्त नाव लावून किंवा नॉमिनी नेमून हा कर टळत नाही. आयर्लंडमध्ये नोंदलेले ईटीएफ या कचाट्यात येत नाहीत, आणि अमेरिकेबाहेरचा ब्रोकर निवडण्याचे खरे कारण तेच. खाते उघडण्यापूर्वी ते तिथे मिळतात का, हे विचारून घ्या. अमेरिकी शेअर ठेवायचेच असतील तर ६०,००० च्या आत ठेवा.

परदेशात कमावलेला हा पैसा परदेशातच ठेवायला आणि गुंतवायला फेमाची, म्हणजे भारताच्या परकीय चलन कायद्याची, परवानगी आहे. भारतातून परदेशी पैसे पाठवण्याच्या वार्षिक २,५०,००० डॉलरच्या मर्यादेत तो मोजला जात नाही. सामान्य निवासी झालात की मात्र विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात त्या वर्षात उघडी असलेली परदेशातली खाती दाखवावी लागतील. हा तक्ता कॅलेंडर वर्षाचा असतो, आर्थिक वर्षाचा नव्हे. लपवल्यास १० लाख रुपये दंड होऊ शकतो. जुन्या खात्याची सर्व स्टेटमेंट आणि विक्रीच्या नोंदी खाते बंद होण्याआधी उतरवून घ्या. लॉगिन गेल्यावर त्या मिळवणे अवघड होते.