सगळ्यांसाठी भांडणारा माणूस घरात अंगावर का येतो?

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपण लिहिता की, तापामुळे दोन दिवस न आलेल्या वॉचमनचा पगार सोसायटीने कापला, तेव्हा आपल्या यजमानांनी सभेत एकट्याने उभे राहून तो परत मिळवून दिला. त्याच रात्री मुलीच्या कॉलेजचा अर्ज आपण न विचारता भरला म्हणून मात्र त्यांनी घर डोक्यावर घेतले. त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाल्याचे आपल्याला औषधांच्या बिलावरून कळले. कार्यालयातील शिबिरात एनिअग्राम या, माणसांच्या स्वभावाचे नऊ प्रकार मानणाऱ्या पद्धतीत त्यांचा प्रकार ‘आठ’ निघाल्यापासून ‘मी आहेच असा’ हे उत्तर ठरलेले आहे. हा माणूस न्यायी की हेकट, असे आपण विचारता.

माझ्या मते दोन्हींचे मूळ एकच आहे. ऑस्कर इचाझो यांनी मांडलेल्या आणि 1970 नंतर क्लॉदिओ नारान्हो यांनी मानसशास्त्राच्या अंगाने वाढवलेल्या या नऊ प्रकारांत आठव्याचे मुख्य भय दुसऱ्याच्या मुठीत सापडण्याचे मानले जाते. पहिल्या प्रकारचा माणूस नियम मोडला म्हणून चिडतो. आठवा मात्र कोण कोणाला दाबतो आहे हे आधी पाहतो. आपल्या यजमानांसारख्या, वडील गेल्यावर चौदाव्या वर्षी पेपर टाकून घर चालवणाऱ्या मुलाला उलट बोलण्याची सोय नसणे म्हणजे काय, हे फार लवकर कळले असणार, आणि म्हणूनच वॉचमनची बाजू त्यांना कोणी समजावून सांगावी लागली नाही. त्याच भयापोटी परस्पर भरलेला अर्ज त्यांना स्वतःला डावलल्यासारखा वाटतो आणि स्वतःचे दुखणे ते घरातसुद्धा कबूल करत नाहीत.

वाद नको म्हणून आपण गप्प राहता आणि कामे परस्पर उरकता, हे मी समजू शकते. पण अशा माणसाला समोरून झालेल्या विरोधापेक्षा पाठीमागे घेतलेला निर्णय अधिक झोंबतो. ‘मुदत संपत होती म्हणून अर्ज मी भरला, तो चुकीचा वाटत असेल तर आवाज खाली आणून सांगा,’ असे एकदा ठामपणे म्हणा आणि तिथेच उभ्या राहा. गोळीविषयी मुलीसमोर जाब विचारू नका. पुढच्या तपासणीला मी सोबत येणार आहे, एवढे एकांतात सांगा.

‘मी आहेच असा’ हे मात्र मुळीच मान्य करू नका. या पद्धतीला शास्त्रीय पुराव्याचा आधार तोकडाच आहे, आणि ती मानणारेसुद्धा आठव्याची वाढ दुसऱ्या प्रकाराच्या दिशेने, म्हणजे माया उघडपणे दाखवण्याकडे व्हावी, असेच सांगतात. त्यांच्या आवाजाची आपल्याला किंवा मुलीला भीती वाटत असेल, त्यांनी कधी हात उगारला असेल, तर प्रश्न स्वभावाचा उरत नाही. 181 या महिला हेल्पलाइनवर तातडीने बोला.

तसे नसेल, तर कॉलेजचा विषय मुलीला त्यांच्याशी स्वतः बोलू द्या आणि आपण मध्यस्थी करू नका. ती थेट बोलली तर तिचे म्हणणे ते आपल्या निरोपापेक्षा अधिक ऐकून घेतील, असे मला वाटते.

आपली,
ताई