गाभ्यातील जनुके का घटतात?

प्रश्न : एकाच जातीच्या शेकडो जीवाणूंच्या जीनोमची (संपूर्ण डीएनए-संचांची) रोअरी या संगणकीय साधनाने तुलना करताना नमुने वाढवले, तशी सर्व नमुन्यांत आढळणारी जनुके, म्हणजे गाभा, झपाट्याने घटली. हे खरे मानावे का?

उत्तर : थोडी घट स्वाभाविकच आहे, पण एवढी मोठी असेल, तर आधी जीनोमच्या जुळणीवर (वाचलेले डीएनएचे तुकडे जोडण्यावर) संशय घ्यावा. २०१५ साली आलेली रोअरी, सेटिंग बदलले नसल्यास, प्रथिनांत किमान ९५ टक्के साम्य असलेली जनुके एका गटात धरते आणि ९९ टक्के नमुन्यांत सापडणाऱ्या जनुकालाच गाभ्यात घेते. त्यामुळे तुकड्यांत जुळवलेल्या जीनोममध्ये एखादे जनुक तुकड्याच्या टोकाशी तुटले, की ते त्या नमुन्यात नाहीच असे गणले जाऊ शकते. २०२० मधील पॅनारू ही अशाच कामाची प्रणाली शेजारची जनुके पाहून अशा बऱ्याच चुका सुधारते, म्हणून माझी पसंती तिला आहे. तत्पूर्वी सर्व जीनोमची जनुकनोंद (कोणते जनुक कुठे आहे, याची नोंद) एकाच साधनाने नव्याने करावी आणि भेसळ झालेले नमुने वगळावेत.